वाल सोलतेय, असं मी सांगितलं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलणं. शनिवारची दुपार, डोंबिवलीजवळच्या कोपरचं घर, मध्ये परात.

"अहो, हळू दाबा. कारखान्यात आहात काय?" बायको बोलली.

"पोटात जाऊन मोडणारच ना?"

अर्धे झाले. उरलेले तिने फडक्यात बांधले. "उद्या सोलू," म्हणाली. संध्याकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटल गाठेपर्यंत सगळं संपलेलं.

आमची एकुलती एक वर्षा जर्मनीत शिकते. दीड वर्षापूर्वी निघाली तेव्हा गेटवर आईने तिच्या हातावर दही ठेवलं. मी बोललेलो, "इकडे काही झालं तर पहिला फोन तुला." माझेच शब्द.

रविवारी दुपारी तिचा नेहमीचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही नुकतेच स्मशानातून आलेलो, घर माणसांनी भरलेलं. मी जिन्यात गेलो, कॅमेरा बंद ठेवला. गुरुवारी तिची परीक्षा. तोवर कोणी कळवायचं नाही, अशी सगळ्यांना ताकीद दिलेली.

"बाबा, आई कुठेय?"

"वाल सोलतेय. हात ओले आहेत तिचे."

"मग बिरड्याचा फोटो पाठवायला सांगा."

हो म्हटलं.

मंगळवारी माझ्या भाच्याने मामीचा हार घातलेला फोटो स्टेटसला ठेवला. वर्षाने तो तिकडे हॉस्टेलच्या किचनमध्ये पाहिला, गॅसवर पास्ता शिजत असताना. मला फोन लावला. आधी नुसती रडली, मग बोलली.

"इथे चार मुली होत्या, बाबा. एकही जवळ आली नाही. सगळ्या आपापल्या खोलीत गेल्या. एकीने दाराखालून कार्ड सरकवलं. दुःखात माणसाला एकटं सोडायचं, ही यांची रीत. त्या परक्या आहेत. तुम्ही कोण आहात?"

फोन कट.

परीक्षेला ती बसलीच नाही.

सतराव्या वर्षी मी रोह्याकडचं गाव सोडून डोंबिवलीत एमआयडीसीत कामाला लागलो. माझी आई गेली, तेव्हा नवीन नोकरीत खाडा नको म्हणून भावाने कळवलं नाही. मला दहावा उलटल्यावर समजलं. सहा वर्षं मी त्याचं तोंड बघितलं नाही. सातवी शिकलेला असलो तरी एवढं मला कळायला पाहिजे होतं.

बिल्डिंगमधले अजून म्हणतात, "काका, पोरीच्या भल्यासाठीच केलंत." भलंबिलं काही नाही. तिचं रडणं ऐकायची माझी हिंमत नव्हती, परीक्षेचं नाव पुढे केलं. तुमची पोरं बाहेर असतील तर हे लक्षात ठेवा. त्यांचं घर तिकडच्या खोलीत नसतं. इकडून आपण जे खरं सांगतो, तेवढंच त्यांचं घर. तेही मी तिला ठेवलं नाही.

तिने फोन कट केला त्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी मी फडकं सोडलं. वालांना लांब मोड आलेले, वास मारत होते. तरी परात घेतली, फोन पिठाच्या डब्याला टेकवला, कॅमेरा चालू केला. तिकडे उजाडलंही नसेल. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

मी एक वाल घेतला, हळू दाबला आणि पहिल्यापासून सांगायला लागलो, "शनिवारी दुपारी तुझी आई आणि मी वाल सोलत बसलेलो..."