पायाशी लावलेली गोळी

मी मुळात चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. एचआयव्हीच्या जनजागृतीचं काम करते. वणी-राजूरकडच्या खाणकामगारांच्या वस्त्यांत पत्रकं वाटते, चौकात उभी राहून बोलते आणि लोक ऐकत नसले की आवाज चढवते. पत्रकांतली वाक्यं मला झोपेतही म्हणता येतील. देवाधर्माबद्दलचं माझं मतही असंच छापील होतं. अंगारा देऊन लोकांची औषधं बंद पाडणाऱ्या एका महाराजाशी मी भर जत्रेत भांडले आहे आणि उद्या भेटला तर पुन्हा भांडेन. त्यामुळे देवळाच्या रांगेत उभं राहून मला काही मिळालं, हे लिहायला मन धजत नव्हतं. पण जे झालं ते झालं. घडलं तसं लिहिते. कोणी त्याला योगायोग म्हटलं तर माझी हरकत नाही. हे घडलं तोवर मी वाद घालून घालून थकले होते, आणि ही हकीकत त्या थकव्यापासूनच सुरू होते.

आमचं घर पांढरकवड्याला. घरी माय, दादा आणि वहिनी. दादा कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रावर काम करतो. वहिनीला दिवस गेले तेव्हा पहिल्याच तपासणीत कळलं की तिला एचआयव्हीची लागण आहे. दादाला नाही. मग तिला कुठून झाली, असं विचारणारे पुष्कळ निघतात. त्यांना मी उत्तर देत नाही. तो प्रश्न उपचाराच्या कामाचा नाही, चघळायच्या कामाचा आहे. दादानं तो विचारला नाही. तो तिच्याशेजारी बाकावर बसून राहिला आणि कागद हातात आल्यावर एवढंच म्हणाला, "चाल, गोळ्या घेऊन येऊ." मायनं दोन दिवस डोळ्याला पदर लावला, मग सुनेच्या खाण्यापिण्याकडे लक्ष द्यायला लागली. माझा भाऊ आणि माझी माय यांचा मला आजही अभिमान वाटतो. एवढं सगळ्याच घरांत होत नाही.

रोज संध्याकाळी आठला एक गोळी. वहिनीच्या मोबाइलमध्ये गजर मीच लावून दिला होता. अलीकडच्या संशोधनातून काय पुढे आलं आहे, तेही मीच तिला समजावलं. आताची औषधं चांगली आहेत, ती नेमानं घेतली तर रक्तातला विषाणू इतका दबतो की तपासणीत सापडत नाही. तो तसाच दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून नवऱ्याला लागण होत नाही, आणि बाळाला व्हायची भीतीही अगदी थोडी उरते. वहिनीनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग माह्यं लेकरू साफ निघन?"

"हो."

"नक्की?"

मी खोटं बोलत नाही. म्हटलं, "जवळजवळ नक्की."

ती मान हलवून उठली आणि कामाला लागली. माझ्या दृष्टीनं विषय तिथं संपला होता. त्या 'जवळजवळ'नं तिची झोप उडवली आहे, हे मला पुढे कितीतरी दिवस कळलं नाही. डॉक्टरांनाही जी फट पूर्ण बुजवता येत नाही, ती तिनं एकटीनं बुजवायला घेतली होती.

नवरात्रात मी घरी आले तेव्हा तिसरी माळ होती. वहिनीला आठवा लागला होता. आरती झाली, सगळे घटापुढे बसलेले, आणि मोबाइलचा गजर वाजला. वहिनीनं तो बंद केला आणि पुन्हा झेंडूची माळ ओवायला लागली.

"वहिनी, गोळी."

"नवरात्र हाये न, बाई."

"मग?"

"उपास हाये माहा. दूध चालते, फळं चालते. औषध नाही."

माय म्हणाली, "मले वाटलं, डाक्टरलेच इचारून बंद केली हिनं." दादानं मान खाली घातली. त्याला माहीत होतं.

मी ओरडले. देवघरासमोर ओरडले. "लेकरासाठीच उपास न तुझा? आणि लेकराला वाचवणारी गोळीच बंद?" पत्रकात होतं नव्हतं ते सगळं तिच्यापुढे म्हणून टाकलं. वहिनी शांतपणे सुई-दोरा चालवत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "मी नवस बोलली. देवीले म्हनलं, लेकरू तुह्या भरवशावर. मंग रोज संध्याकाळी गोळी गिळली त भरवसा कायचा राह्यला, सांग?" आणि मग, अजिबात न चिडता, "तू परच्यातलं बोलून राह्यली, ननदबाई. माह्यं पोट परच्यात नाही लिहेलं."

अडाणी माणसाला काय सांगायचं ते मला शिकवलं होतं. भोंदूला काय सुनवायचं तेही. पण ही अडाणी नव्हती आणि तिला कोणी फसवलंही नव्हतं. तिनं कोणाला तरी पूर्ण शब्द दिला होता आणि तो ती पाळत होती.

सकाळी मी सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "ओरडू नका तिच्यावर. एकटी पडेल ती. पण दिवसही जाऊ देऊ नका. बाळंतपण जवळ आलंय, आणि औषध थांबलं की विषाणू परत वाढायला वेळ लागत नाही." मी वहिनीला दवाखान्यात चल म्हटलं. ती म्हणाली, "आधी केळापूरले जाऊन येऊ. मंग पाहू."

केळापूरची जगदंबा आमच्याकडे सगळ्यांची. नवरात्रात पांढरकवड्याहून माणसं पायीच जातात. पाचव्या माळेला सकाळी आम्ही दोघी निघालो. दादा ऑटो घेऊन दारात उभा होता, पण वहिनी बसेना. "बसत-उठत जाऊ, घाई कायची?" ती अनवाणी, मी चपला घालून. गोळ्यांची बाटली मी गुपचूप रुमालात गुंडाळून थैलीत टाकली होती. रस्त्यात जमेल तेव्हा विषय काढायचा, असं ठरवलं होतं. पण रस्ताभर बायांचे घोळके, हमरस्त्यावरचे ट्रक, मांडवांतून हाका मारून साबुदाण्याची उसळ वाटणारी पोरं. प्रत्येक मांडवात वहिनीला कोणी ना कोणी बसवून घेई आणि विचारी, "पयलंच का?" एकीनं तिची चाल पाहून सांगून टाकलं, "पोरगाच होते पाह्य." वहिनी म्हणाली, "काईबी होवो मावशी, धडधाकट होवो." तिचा आवाज थोडा फाटला. त्या बाईला ते कळलं नाही. मला कळलं.

देवळाशी पोचलो तोवर ऊन चढलं होतं आणि रांग बांबूंच्या कठड्यांमधून पार मागे वळली होती. अर्ध्यात आल्यावर वहिनी बांबूला धरून खाली बसली. तोंड पांढरं पडलेलं, डोळे मिटलेले, दोन्ही हात पोटावर. आता बोलावं म्हणून मी वाकले, आणि तिचे ओठ हलताना दिसले. ती मंत्र म्हणत नव्हती. "जवळजवळ नको, माय. जवळजवळ नको." एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

माझ्याकडे सांगण्यासारखं खरंच काही उरलं नव्हतं. समोर कळसावरचा झेंडा दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी मनात म्हटलं, मला जमत नाही, आता तूच पाहा. कोणाला म्हटलं ते विचारू नका. हात जोडले नाहीत, डोळेही मिटले नाहीत. फक्त जोर लावणं सोडून दिलं. अंग एकदम हलकं झालं, एवढं आठवतं.

आमच्या पुढे हिरव्या लुगड्यातली एक धिप्पाड मावशी होती. केव्हाची रांगेवर करवादत होती, "ह्या रांगेत उभं राहून राहून मीच देवी होऊन जाईन बाप्पा." वहिनीला बसलेली पाहून तिनं आपली पाण्याची बाटली दिली, मागच्या बायांना दटावून जागा करून दिली. मग पदराची गाठ सोडली, आतून गोळ्यांची पट्टी काढली आणि एक गोळी काढून आपल्या ताटात, नारळ आणि हळदी-कुंकवाच्या मध्ये ठेवली.

वहिनीचे डोळे उघडे होते. "मावशी, हे काय?"

"बीपीची गोळी व्हय."

"उपास नाही तुमचा?"

"हाये न. नऊच्या नऊ दिवस."

"मंग गोळी?"

"मायच्या पायाशी लावते अन् घेते. मंग थे परसादच झाला न. परसादानं उपास मोडते काय कुठं?" मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "अन् नाही घेतली त चक्कर येऊन पडन मी इथंच. येवढं धूड उचलन कोन? हे काडीवानी पोरगी?"

रांगेतल्या बाया हसल्या. वहिनीही हसली. मी घरी आल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. मग मावशीच्या ताटातल्या गोळीकडे पाहत राहिली. रांग थोडी सरकली. मी तिला हात देऊन उठवलं, तशी ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "काढ."

"काय?"

"बाटली. घरून निघाल्यापासून तुह्या थैलीत वाजून राह्यली. मले काय ऐकू येत नाही?"

मी थैलीत हात घातला. चौकाचौकांत 'लपवू नका' म्हणून ओरडणारी मी, बाटलीवरचं नाव दिसू नये म्हणून रुमाल घट्ट धरून होते. मावशीनं पाहिलं. "तुहीबी बीपीची?"

"तशीच, मावशी. रोजची," वहिनी म्हणाली.

"मंग ठेव माह्या ताटात. दोघींचीबी एकदमच लागन मायच्या पायाले." पुढे तिनं काही विचारलं नाही.

गाभाऱ्यात पुजाऱ्यानं ताट घेतलं, देवीच्या पायाला लावलं, ताटातल्या सगळ्यावर सारखंच कुंकू टाकलं, नारळावर, मावशीच्या गोळीवर, आमच्या बाटलीवर, आणि वर एक झेंडूचं फूल ठेवून परत दिलं. मंडपात येऊन वहिनीनं एक गोळी तळहातावर घेतली, कपाळाला लावली आणि मावशीच्या बाटलीतल्या पाण्यानं गिळली. मी पुष्कळ लोकांना ही गोळी गिळताना पाहिलं आहे. कोणी कडू तोंड करून घेतात, कोणी आजूबाजूला पाहून चोरासारखी. अशी गिळलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. वळून पाहिलं तर हिरवं लुगडं गर्दीत दूर गेलेलं. नाव विचारायचं राहूनच गेलं.

येताना वहिनी मुकाट्यानं ऑटोत बसली. मी विचारलं, "आणि तुझा भरवसा?"

"भरवसा तिच्यावरच हाये," ती म्हणाली. "तिनं हातात देल्लं थे फेकून द्याले मी कोन?"

या वेळी मला वाद घालावासा वाटला नाही. शरण जाणं म्हणजे हातपाय गाळून बसणं, असं मी समजत होते आणि म्हणून मला त्या शब्दाचाच राग होता. समोर आलेलं दोन्ही हातांनी घेणं आणि उरलेलं आपलं नाही हे मान्य करणं, असाही त्याचा अर्थ असतो, हे मला त्या ऑटोत कळलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात जाऊन सगळं खरं सांगितलं. समुपदेशक बाई रागावल्या नाहीत. पुढच्या तपासणीत विषाणू सापडला नाही. दिवाळीनंतर वहिनीला मुलगी झाली, दवाखान्यातच. जन्मल्यापासून तिला औषधाचे थेंब दिले, डॉक्टरांशी बोलून वहिनीनं तिला स्वतःचं दूध पाजलं. सहा आठवड्यांनी पहिली तपासणी झाली. ती चांगली आली, तरी शेवटचं उत्तर दीड वर्षानंतरच मिळणार होतं. म्हणजे पुन्हा तेच, जवळजवळ. पण आता त्या शब्दाशी आमचं भांडण नव्हतं. तो घरातच राहायचा, एखाद्या पाहुण्यासारखा. दीड वर्षानं शेवटची तपासणी झाली आणि त्या दिवशी तो गेला. लेकरू साफ आहे. वहिनीनं केळापूरला जाऊन देवीची ओटी भरली. या वेळी मीही चपला घरी ठेवल्या.

माझा राग गेलेला नाही. आजही शेजारी कोणी वहिनीसाठी वेगळा कप काढला की मी तो कप उलटा करून ठेवते. आमच्या नवरात्राच्या पत्रकात मात्र मी एक ओळ घातली आहे: उपासातही गोळी चुकवू नका, हवं तर देवापुढे ठेवून घ्या. त्यावरून बैठकीत बराच वाद झाला. ओळ राहिली. परवा मी वहिनीला सांगत होते की लागण होऊच नये म्हणून वर्षातून दोनदा घ्यायची सुई निघाली आहे, आणि काही देशांत उपचारासाठीही रोजच्या गोळीऐवजी दोन महिन्यांतून एकदा सुई देतात. आपल्याकडे सगळ्यांपर्यंत हे यायला वेळ का लागावा, यावर मी भांडणार आहे. ती म्हणाली, "भांड न. पन सुई मायच्या पायाशी कशी लावू, थे बी इचारून ठेव."

रोज संध्याकाळी आठला तो गजर अजून वाजतो. पोरगी हातातलं खेळणं टाकून धावत येते आणि आईसमोर हात जोडून उभी राहते. तिला वाटतं, हीसुद्धा आरतीच. वहिनी गोळी कपाळाला लावते. घरी असले तर मीही हात जोडते. कोणाला, ते मला अजून नीट सांगता येत नाही. गोळी पोटात जाईपर्यंत आम्ही तिघी तशाच उभ्या असतो.