भोंग्याच्या जागी कूलर
परवा आंबोलीच्या घाटात तापलेल्या तेलाचा करपट वास आला आणि काही वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. शेजारचे काका मालवणहून मासे घेऊन घाट चढत, तेव्हा त्यांच्या जुन्या ऑटोमॅटिक फोर-व्हील ड्राइव्हचा गिअरबॉक्स तापायचा. म्हणून आम्ही कणकवलीच्या गॅरेजमध्ये तेल थंड करणारा कूलर बसवायला गेलो. मेस्त्रींनी मोठा कूलर निवडला. रेडिएटरसमोरची वाऱ्याची जागा भोंग्याने अडवली होती. तो काढून त्यांनी इंजिनामागे लावला. घराच्या वळणावर काकांनी नेहमीसारखा भोंगा वाजवला, पण आवाज दबका, वेगळाच आला. काकूंना दिसत नसे. भोंगा ओळखून त्या दाराची कडी काढत. त्या संध्याकाळी दार बंदच राहिले आणि आतून प्रश्न आला, "कोण इलो?" दुसऱ्या दिवशी काकांनी भोंगा पुन्हा पुढे लावून घेतला आणि उरलेल्या जागेत मावेल असा लहान कूलर मागितला. "अर्ध्या घाटात थांबाचा लागतला," मेस्त्रींनी बजावले. "थांबतलंय रे," काका म्हणाले, "पण माझ्या घरात माका 'कोण' म्हणान विचारूक नको." परवाचा वास त्यांच्याच गाडीचा होता. बॉनेट उघडे होते आणि काका टपरीवर निवांत चहा पीत होते.