ओळख करून देणारे गृहस्थ

अबुधाबीत नगरपालिकेच्या कामांवर असलेली आम्ही मराठी मंडळी महिन्यातून एकदा भेटतो. हे घडवून आणणाऱ्या, माझ्याच विभागातल्या गृहस्थांनी मला अगदी वात आणलाय. मोठ्या हुद्द्याचं कुणी दिसलं, की ते माझं कोपर धरून मला तिकडे ओढतात.

"सर, ये हमारे ड्रेनेज के किंग हैं!"

मी साधा इंजिनिअर. "अहो, असं नका सांगू," म्हटलं तर म्हणतात, "यल्ला, चला, आधी कार्ड काढा!"

मार्चमध्ये आमच्या विभागात मॅनेजरची जागा रिकामी झाली. मी अर्ज केल्याचं कळताच त्यांनी मला निवड करणाऱ्या मॅडमपुढे उभं केलं आणि दहा मिनिटं माझे गोडवे गायले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जागा मला मिळाली. मग कळलं, त्यांनीही अर्ज केला होता.

मी तडक त्यांच्या टेबलापाशी गेलो. "आधी सांगायचंत ना! मी अर्ज मागे घेतला असता."

"म्हणूनच नाही सांगितलं," ते म्हणाले.

आता ते माझ्या हाताखाली काम करतात, आणि मला त्यांच्यावर धड चिडताही येत नाही.