न मोजलेलं तापमान

"साबन कितीबी लाव गं, हात तुजेच ना?"

सोनालीची सासू हे हसत बोलली. मी त्यांच्या अंगणातल्या नळावर उभी, कोपरापर्यंत फेस. आम्हा आशा सेविकांना तसंच शिकवलंय. नवजात बाळाला हात लावायच्या आधी नखं, बोटांच्या बेचक्या, मनगट, सगळं घासायचं. घासलं. मग ती म्हणाली, "बालाला हात नको लावूस. ओटीवरनंच सांग काय ते."

मी बौद्धवाडीतली. हे घर वरच्या आळीतलं, सासूचा मुलगा रसायनीच्या कारखान्यात. गावात जात कुणी विचारत नाही. विचारायची गरजच काय, सगळ्यांना पाठ आहे.

सोनाली पहिलटकरीण, वय वीस. बाळ तीन दिवसांचं, जेमतेम दोन किलो. थंडीचे दिवस. ती उंबऱ्याच्या आत, मी बाहेर. माझ्याजवळचा पंचा गुंडाळून मी त्याचं बाळ केलं आणि दाखवलं. असं उघड्या छातीशी धरायचं, वरून पांघरूण, डोक्याला टोपी. दर दोन तासांनी पाजायचं. अंघोळ इतक्यात नको, वजन वाढू दे. सोनाली टक लावून बघत होती.

"आमी काय पोरं वाडवली नाय?" सासू मध्येच म्हणाली.

मी थर्मामीटर पुढे केला. तिने घेतला नाही.

"काकी, पाय गरम हायत का बालाचे?"

"हायत गं. गरमच हायत."

आणि मी लिहिलं. तापमान साडेसत्त्याण्णव. पोट गरम, पाय गरम. खाली सही. घरी आले, भात टाकला.

सातव्या दिवशी गेले तर घराला कुलूप. शेजारणीने सांगितलं. पाचवीला बाळाला न्हाऊ घातलं, मग ते गार पडत गेलं, दूध ओढेना. कर्जतला नेलं, तिथून पनवेलला. काचेच्या पेटीत ठेवलंय. सासू सगळ्यांना सांगत होती, आशा आली व्हती, कायच बोलली नाय.

तिसऱ्या दिवशी त्याचे पाय गरम होते की गार? आजही मला ठाऊक नाही. हेच मला खातं.

आरोग्य केंद्रात डॉक्टर मॅडमनी माझा फॉर्म समोर ठेवला. "तापमान तुम्ही मोजलंत?"

"हो," मी म्हणाले.

दोन दिवस तेच डोक्यात. भांडी घासता घासता हात थांबायचा. अपमान त्यांनी केला होता, पण खोटं मी लिहिलं होतं. त्यांची जात राखायला मी माझी सही दिली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार आमच्या पिढ्यांनी खाल्ला. मी तर वर लिहूनही दिलं, की मार बसलाच नाही.

तिसऱ्या दिवशी मॅडमकडे गेले. "मॅडम, मी मोजलं नव्हतं. मला हात लावू दिला नाही."

त्यांनी मानही वर केली नाही. "ते गावातलं तुमचं तुम्ही बघा."

बघितलं मग.

बाळ वाचलं. घरी आणलं त्याच दिवशी मी गेले. हात धुतले, पायरी चढले.

"काकी, बाल द्या."

"तितनंच सांग."

मी ओटीवर बसकण मारली. फॉर्म काढला. तापमानाची जागा कोरी सोडली. खाली शेऱ्याच्या जागेत लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. "बाळाला हात लावू दिला नाही. कारण, माझी जात." फॉर्म तिच्यापुढे धरला. "सही करा."

तिचा चेहरा उतरला. "जातीचं कशाला लिवतेस गं?"

"तुमी पालता, मी लिवते."

आतून सोनाली आली. सासू म्हणाली, "आत हो." ती झाली नाही. उंबरा ओलांडला आणि बाळ माझ्या हातात दिलं. पोट गरम. पाय थोडे गार. मी तिथेच त्याला तिच्या छातीशी लावलं, पांघरूण ओढलं, पायांत मोजे घातले. थर्मामीटर वाजला तेव्हा आकडा लिहिला. या वेळी खरा.

"लावलास ना हात?" सासू म्हणाली. "मग ते खोड आता."

नाही खोडलं. खोडणार नाही. आकडा खरा आहे आणि शेराही खरा आहे. ज्या ज्या घरी माझा हात अडवतील, त्या घरचा फॉर्म असाच जाईल.