सुमनच्या ट्रेनिंगसाठी गुरुवारी पिंपरीला

महिला मंडळाच्या हस्तलिखित अंकाला प्रवासवर्णन पाहिजे म्हणून सेक्रेटरीबाईंनी माझ्यामागे लकडा लावला. मी म्हटलं, मी कुठं काशी-रामेश्वर केलंय? चौथी शिकलेली बाई, नारायणगाव सोडून फार तर जुन्नरला जाते. मग आठवलं, की गेल्या महिन्यात दोन दिवस पिंपरी-चिंचवडला जाऊन आले. तिथं देव नाही, समुद्र नाही, नुसते कारखाने. ज्यांच्या मुली कॉलेजात आहेत त्यांनी वाचा. बाकीच्यांनी पान उलटा, मला राग नाही.

सुमन माझी थोरली. पुण्याच्या पॉलिटेक्निकात मशिनचा डिप्लोमा करते. वर्गात सगळे मुलगे, ही एकटी. शेवटच्या वर्षाला बसायच्या आधी सुट्टीत सहा आठवडे खऱ्या कारखान्यात काम शिकायचं, असा कॉलेजचा नियम आहे. त्याला ट्रेनिंग म्हणतात. पगार मिळत नाही, पण 'आम्ही हिला घेतो' असं कारखान्याचं पत्र लागतं. पत्र नाही तर शेवटच्या वर्षाला नाव नाही. मुलांपैकी कुणाचा काका कंपनीत, कुणाचा मेहुणा, त्यांची पत्रं आली. सुमननं पोस्टानं अर्ज टाकले. दोन कंपन्यांनी खेद वाटतो म्हणून कळवलं, बाकीच्यांना खेदसुद्धा वाटला नाही. शनिवारी दुपारी बाराच्या आत पत्र कॉलेजात पोचलं पाहिजे होतं. मंगळवार उजाडला तरी ही पोस्टमनची वाट बघत ओट्यावर बसलेली.

मला वाट बघता येत नाही. मी म्हटलं, ऊठ, आपणच जाऊ आणि दारात उभं राहून मागू.

"आई, मग उद्याच निघू, बुधवारी," सुमन म्हणाली.

"बुधवारी नाही. गुरुवारी."

माझा गुरुवारचा उपास असतो आणि चांगल्या कामाला मी गुरुवारीच हात घालते. आमची पिठाची गिरणी आहे. हे मळा बघतात, गिरणी मी बघते. गिरणीचं इंजिन आणलं तेसुद्धा गुरुवारी, आणि अजून चालतंय. तेव्हा ठरलं गुरुवार.

सकाळी सहाच्या एसटीनं निघालो. दोघींचं तिकीट दहा रुपयांच्या आत. डाव्या बाजूला बसू नका, खेडच्या घाटानंतर ऊन तोंडावर येतं. राजगुरुनगरला गाडी पंधरा मिनिटं थांबली. स्टँडवरचा चहा म्हणजे नुसतं गोड पाणी, पण गरम होतं. चाकणला कांद्याच्या गोण्या टपावर चढवायला अर्धा तास गेला. मी खिडकीतून कंडक्टरला म्हटलं, "माणसं आधी पोचवा, कांदा नासत नाही."

तो म्हणाला, "मावशी, कांद्याचं भाडं भरलंय."

"आणि आम्ही काय फुकट बसलोय?"

सुमन म्हणाली, "आई, गप बस ना." प्रवासभर ती एवढं एकच वाक्य बोलत होती. मांडीवर पिशवी, पिशवीत कॉलेजातला खाकी कोट, मार्कांचे कागद, आणि कॉलेजनं दिलेला पत्राचा नमुना. कुठल्याही साहेबापुढे काय बोलायचं ते ओठांत घोकत होती.

भोसरी मागे टाकून नाशिक फाट्याला उतरलो. तिथून सिटी बसनं पिंपरी. रस्ता असा रुंद, की ओलांडताना मी सुमनचा हात धरला. ती एकोणीस वर्षांची आहे, तिला आवडलं नाही. दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती, भिंतीआड गुलमोहर, मधूनमधून धुराडी. मला वाटलं होतं नुसता गोंगाट असेल, माणसांची रांग असेल. तर सगळं चिडीचूप. धुराड्यांतून धूर नाही. रस्त्यावर एक गाय.

एका मोठ्या कंपनीच्या गेटाशी गेलो. गेट बंद. आतल्या चौकीत वॉचमन पेपर वाचत होता. माझ्या वयाचा, मिशा पांढऱ्या.

"साहेबांना भेटायचंय," मी म्हटलं.

"कुठल्या साहेबांना?"

"ट्रेनिंग देणाऱ्या."

"आवो बाई, आज गुरुवार हाय."

"मला माहीत आहे गुरुवार आहे. म्हणून तर आले."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग पेपरची घडी घातली आणि पोराला समजवावं तसं सांगितलं. ह्या सगळ्या पट्ट्यात कारखान्यांना गुरुवारी सुट्टी. रविवारी नाही, गुरुवारी. पुण्याला रविवार, इथं गुरुवार, म्हणजे विजेची ओढाताण होत नाही. आज कारखान्यांची लाईटच बंद. साहेब नाही, कामगार नाही, काही नाही.

मी सुमनकडे बघितलं. तिचे डोळे भरलेले. ती काही बोलली नाही, 'मी बुधवार म्हटलं होतं' असंही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

वॉचमन म्हणाला, "उद्या या. पण पोरीसाठी का? पोरी न्हाई घेत इथं. बायांची बाथरूमच न्हाई शॉपवर."

"तुमचे साहेब ट्रेनिंग बाथरूममध्ये देतात का?"

तो हसला. हसला म्हणून मी तिथंच पायरीवर बसले आणि त्याला सगळं सांगितलं, शनिवारचं, पोस्टाचं, खेद वाटतो ते. माणूस चांगला होता. म्हणाला, "मोठ्या गेटावर नका बसू. चिंचवडच्या बाजूला छोट्या छोट्या शेडी हायेत. त्यांचे मालक गुरुवारी मशिनं उघडून दुरुस्ती करत्यात, बाकी दिवशी त्यांना येळ नसतो. जिथं ठोकल्याचा आवाज येईल तिथं आत शिरा."

मैत्रिणींनो, आम्ही भर दुपारी दीड तास आवाज ऐकत हिंडलो. पत्र्याच्या शेडी, सगळ्यांना कुलपं. पाणी बरोबर ठेवा, तिथं झाडं आहेत पण सगळी भिंतींच्या आत. माझा उपास, त्यामुळे डब्यातले शेंगदाण्याचे लाडू चालता चालता खाल्ले. दोन ठिकाणी आवाज आला. एका जागी सुतार फळ्या ठोकत होता. दुसऱ्या जागी मालक म्हणाला, "मुलगी? नको नको," आणि आम्ही पायरीवर असतानाच दार लोटलं. मी दाराला म्हटलं, "बरं बरं, ऐकू आलं."

तिसऱ्या शेडीत ठोकणं कमी आणि शिव्या जास्त होत्या. दार सताड उघडं. आत उजेडासाठी पत्रा सरकवलेला. एक काळासावळा, टकलू माणूस लेथ मशिनच्या मागे पालथा पडलेला, आणि एक फिटर पाना घेऊन उभा. तो टकलू म्हणजे मालक सावंत. मूळ मालवणकडचे, आधी मोठ्या कंपनीत कामगार होते, आता स्वतःची शेड. हे मला नंतर कळलं. तेव्हा ते फक्त ओरडले, "बाई, आज बंद!"

"बंद आहे तर शिव्या कुणाला देताय?" मी विचारलं.

ते उठून बसले. मशिनची मोटर जळाली होती, तिच्यात नवी तार भरून आणून परत बसवली, तेव्हापासून पट्टा उलटतो आणि कडेनं खाल्ला जातो. महिन्यात तीन पट्टे गेले. आज लाईट नाही म्हणून चालवून बघताही येत नाही. हे सगळं ते मला का सांगत होते कुणास ठाऊक, वैतागलेला माणूस समोर येईल त्याला सांगतो.

मी आमचं काम सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सुमन माझ्या मागून पुढे गेली. पिशवीतून खाकी कोट काढून साडीवर चढवला, पदर आत कोंबला, वेणी वर घेऊन डोक्याला घट्ट गुंडाळली आणि मशिनच्या मागे वाकली.

"दोरी लावून बघितली का?" तिनं विचारलं.

फिटर म्हणाला, "कसली दोरी?"

तिनं माझ्याकडे हात केला. लाडवांच्या डब्याला बांधलेली सुतळी सोडून मी तिच्या हातात दिली. एक टोक फिटरच्या हातात, एक हिच्या. मोटरचं चाक आणि मशिनचं चाक, दोन्हींच्या तोंडावरून सुतळी ताणून धरली. दोन्ही चाकं एका रेषेत असली तर सुतळी चारही कडांना टेकते. इथं मोटरच्या चाकाची मागची कड सुटून होती, चांगली पेनाच्या जाडीएवढी. गिरणीत आम्ही हे महिन्यातून एकदा करतो. सुमन आठ वर्षांची असल्यापासून सुतळीचं दुसरं टोक तिच्याच हातात असतं.

"मोटर तिरकी बसलीय. मागच्या पायाखाली पत्रा घाला आणि एवढी सरकवा," ती म्हणाली. ओठांत घोकलेलं एकही वाक्य वापरलं नाही.

सावंत सुतळीकडे बघत बसले. मग म्हणाले, "अगो बाय, कुणी शिकवला तुका ह्या?"

तिनं नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं.

तासाभरात मोटर सरळ झाली. मग मी काम सांगितलं, शनिवारसकट. सावंत म्हणाले, "आज कसं सांगू? लाईट नाही. उद्या सकाळी सातला या. मशिन चालू करू. पट्टा बसून चालला तर बघू." बघू म्हणजे हो की नाही, मी विचारलं. ते म्हणाले, "बघू म्हणजे बघू." मला हा शब्द मुळीच आवडत नाही.

रात्र काढायला आकुर्डीला गेलो, लक्ष्मीकडे. ती आमच्याच गावची, तिचे मालक स्कूटरच्या कारखान्यात आहेत. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात घासून चकचकीत केलेली भांडी. खोटं कशाला लिहू, गावात असताना मी तिच्या घरचं पाणी प्यायले नव्हते. तिनं मला पाट दिला, म्हणाली, "वैनी, तुमचा उपास म्हून रताळी उकडलीत. खाणार न्हवं?" मी खाल्ली. चार खाल्ली. सकाळी निघताना तिनं सुमनच्या डब्यात भाकरी घातली आणि म्हणाली, "ट्रेनिंग मिळालं तर हितंच ऱ्हा, हॉस्टेल कशाला?"

शुक्रवारी सातला त्याच रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. भोंगे, सायकलींच्या झुंडी, डबे लटकवलेली माणसं. काल इथं गाय उभी होती हे कुणाला सांगितलं तर पटलं नसतं. सावंतांच्या शेडीत पाच-सहा कामगार लेथभोवती जमलेले. एकजण मोठ्यानं म्हणाला, "राव, आता गिरणीवाल्या मशिन लावणार!" सुमनचे कान लाल झाले. मी म्हटलं, "लावून झालंय. तू फक्त बटण दाब."

सावंतांनी बटण दाबलं. मी पट्ट्याकडे बघितलं नाही, सुमनच्या हाताकडे बघितलं. मूठ आवळलेली होती. पट्टा फिरायला लागला. आधी जरा थरथरला, मग शांत. मला डोळे मिटूनही कळलं असतं, सरळ पट्ट्याचा आवाज एकसारखा असतो, मध्ये फटका येत नाही. सावंतांनी पंधरा मिनिटं मशिन चालवलं. पंधरा मिनिटं! मी उभी. शेवटी बंद केलं, पट्ट्यावर अंगठा फिरवला आणि टेबलाशी जाऊन कंपनीचा छापील कागद काढला.

"टाईप करणारा नाही माझ्याकडे. हातानं लिहिलेलं चालेल?"

सुमननं कॉलेजचा नमुना पुढे ठेवला. त्यांनी इंग्रजीत लिहिलं, सही केली, शिक्का मारला. बाथरूमचं मी स्वतःच काढलं, नंतर कुणी काढण्यापेक्षा. ते म्हणाले, "पलीकडच्या शेडीत बायका पॅकिंगला आहेत. त्यांच्यात जाईल. ही काय अडचण आहे?" बघा, एवढंच असतं.

मी म्हटलं, "दोरीनं काम केलं म्हणायचं."

"दोरीचं काय, कुणीही दाखवली असती कधीतरी," सावंत म्हणाले. "मी काल बघितलं, मशिनजवळ यायच्या आधी हिनं वेणी बांधली. कुणी सांगितलं नाही तिला, आणि मशिन बंद होतं. माझ्याकडची माणसं अजून बाहीची बटणं उघडी टाकून लेथवर उभी राहतात. मी ओरडून थकलो. हिला ओरडायला नको."

सुमन मला म्हणाली, "आई, तू गप्प कशी?"

दुपारी दोनच्या आत पुण्याला जाऊन पत्र कॉलेजात दिलं. तिथला क्लार्क हातानं लिहिलेलं बघून नाक मुरडत होता, शिक्का दिसल्यावर घेतलं. पोच मागून घ्या, विसरू नका. संध्याकाळच्या एसटीनं घरी. ह्यांनी विचारलं, "कशी होती पिंपरी?" मी म्हटलं, "गुरुवारी छान असते, गर्दी नसते."

कुणी जाणार असाल तर शुक्रवारी जा, आणि मोठं गेट सोडून बारक्या शेडी धरा. गुरुवारी गेलात तर आवाज ऐकत हिंडायची तयारी ठेवा. मी स्वतः परत गेले तर कुठल्या दिवशी जाईन, ते सांगत नाही.

रविवारी सुमन लक्ष्मीकडे राहायला गेली. मी घरी बसून आठवत होते. दहा-अकरा वर्षं मी त्या पोरीला रोज एकच ओरडले, वेणी बांध, वेणी बांध. बंद इंजिनाजवळसुद्धा. ती फुगून बसायची, ह्यांनी किती वेळा मला म्हटलं, जरा गोड बोल. मला वाटायचं सगळं वाऱ्यावर जातंय.

सोमवारी सकाळी गिरणी सुरू केली. पदर खोचला, पट्टा चढवला, आणि सवयीनं मागे न बघताच ओरडले, "वेणी बांध!"

मागे शेजारची काशीबाईची पोर ज्वारीचा डबा घेऊन उभी होती. दचकली. तोंड एवढंसं झालं, डबा खाली ठेवला आणि रुसून वेणी गुंडाळायला लागली.

रुसू दे.