तंबूत कोणती बत्ती लावावी

मूल गावी आमच्या दोन खोल्यांच्या घरात सात माणसं राहत होती आणि त्यात मी सगळ्यात नवीन, सहा महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली. नवऱ्याशी काही बोलायचं तर आधी दीर बाहेर जाईपर्यंत थांबायचं, मग सासूबाई विहिरीवर जाईपर्यंत, आणि तोवर नवऱ्याची पाळी सुरू व्हायची. तो राइस मिलमध्ये इंजिनवर होता. दिवसभर त्या धडधडीत काढून घरी आला की त्याचे कान वाजत असायचे. मुळातच अबोल माणूस, त्यात हे. तोंडावर मी त्याला ‘अहो’ म्हणायची, लिहिताना ‘तो’ म्हणते. एवढी सवलत आता वयाने मिळाली आहे.

अशा माणसाने तंबू शिवून घ्यावा, हे मला आजही खरं वाटत नाही. लहानपणी कालव्याच्या सर्वेवाल्यांचे तंबू त्याने पाहिले होते आणि ते काही केल्या त्याच्या डोक्यातून जात नव्हते. शिंप्याला सांगून त्याने मांजरपाटाचा पांढराशुभ्र तंबू शिवून घेतला, बांबू स्वतः तासले, आणि एका सुट्टीला मला घेऊन एसटीने सावली गावाच्या पुढे एका तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मुक्कामाला निघाला. जंगलातल्या गावातून उठून जंगलात राहायला जाणारं जोडपं लोकांनी तोवर पाहिलं नव्हतं. कंडक्टरने तिकीट फाडताना काळजीने विचारलं, “घर पडलं का भाऊ?” सासूबाईंनी शेजारणीला नवस असल्याचं सांगून वेळ मारून नेली. मला मात्र तंबू बेहद्द आवडला. जगात ती एकच खोली होती जिथे आम्ही दोघंच होतो.

पंचाईत होती ती उजेडाची.

पहिल्या खेपेला आम्ही घरातला कंदील नेला. तंबूत तो धुरकटला, रॉकेलच्या वासाने माझं डोकं उठलं, आणि काच इतकी काळी झाली की कंदील पेटलेला आहे की विझलेला हे हात लावून पाहावं लागलं. दुसऱ्या खेपेला तीन सेलची बॅटरी नेली. नवऱ्याने ती सुतळीने बांबूला टांगली. ती गरगर फिरायची. तिचा गोल उजेड आधी वरणाच्या पळीवर पडला, मग माझ्या चपलेवर, आणि शेवटी त्याच्या डाव्या कानावर जो थांबला तो तिथेच. मला कान पाहायचा नव्हता. मला त्याचा चेहरा पाहायचा होता.

त्याचं कारण असं की त्याच हिवाळ्यात मला शिक्षिकेची नेमणूक आली होती. शाळा वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीच्याही पुढे, म्हणजे तिथे एकटीने खोली घेऊन राहायचं आणि रविवारी घरी यायचं. संक्रांतीच्या आत रुजू झाले नाही तर जागा दुसऱ्या कुणाला गेली असती. लग्नाआधी डी.एड. केलं ते भिंतीवर लावायला नव्हे. पण सासूबाई म्हणाल्या, “सून एकटी जंगलात राहीन काय?” ह्याच सासूबाईंनी मला नवसाच्या नावाखाली दोनदा जंगलात पाठवलं होतं. आणि नवरा म्हणाला, “पाहू.”

त्याच्या ‘पाहू’चा अर्थ हो असतो की नाही, हे शब्दांवरून कळायचं नाही, तोंडाकडे बघूनच कळायचं. घरी सगळ्यांसमोर टक लावून बघता येत नव्हतं. तंबूत कंदिलाने आणि बॅटरीने दगा दिला. मी कंटाळून म्हटलं, “या वेळी गॅसबत्ती आणा. नाहीतर मी येत नाही.”

गॅसबत्ती विकत घेणं आमच्या ऐपतीबाहेरचं, म्हणून तो बिछायतवाल्याकडे गेला. लग्नात सतरंज्या, पातेली आणि बत्त्या भाड्याने देणारा हा माणूस. त्याने विचारलं, “लगन हाये का?” नवरा म्हणाला, नाही. “तेरवी?” तेही नाही. “मंग?” नवऱ्याने सांगितलं की आम्ही दोघं तंबूत बसणार आहोत. बिछायतवाल्याने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि पंप कसा मारायचा ते शिकवताना आवाज विनाकारण हळू ठेवला. एसटीत ती बत्ती मी मांडीवर घेऊन बसले. तिचा मेंटल, म्हणजे आतली जाळीची पिशवी, खड्ड्यात हादरून गळू नये म्हणून मी तिला जेवढं जपलं, तेवढं पुढे स्वतःच्या पोरांनाही जपलं नसेल.

दिवेलागणीला तंबू उभा राहिला. बत्ती वर टांगली तर कापड जळेल म्हणून त्याने ती मागच्या कोपऱ्यात विटेवर ठेवली. पंप मारला. बत्ती सूं सूं करत अशी पेटली की मला त्याच्या भुवईतला व्रणसुद्धा पहिल्यांदा दिसला. मग मी वेळ घालवला नाही.

“मी नोकरीवर जाऊ की नको?”

तो म्हणाला, “पाहू.”

आता चेहरा समोर होता, लख्ख. आणि त्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. बत्तीसाठी एवढा खटाटोप केला आणि बत्तीने एवढंच दाखवलं. माझा असा संताप झाला की मी त्याच्याकडे पाठ करून गुडघ्यात डोकं घातलं. रडले, खोटं कशाला सांगू. बरंच बोलले पण. त्याच्या आईबद्दल, त्याच्या इंजिनाबद्दल, त्या तंबूबद्दलही बोलले.

तेवढ्यात बाहेरून एका बाईचा आवाज आला. “भाऊ, जरा बाजूले सरका. बाई दिसून नाई राह्यली.”

नवऱ्याने पडदा उचलला. बत्तीच्या सूंसूंमुळे आम्हाला चाहूलही लागली नव्हती, पण तंबूसमोर अर्धं गाव बसलं होतं. खाली भाताच्या पेंढ्याची तणीस अंथरलेली, बायका घोंगड्या लपेटून पुढे, माणसं मागे, आणि त्यांच्याही मागे मंडईला निघालेल्या शेजारच्या गावच्या दोन बैलबंड्या सोडलेल्या. धान कापून झालं होतं, मंडईचे, म्हणजे जत्रेचे दिवस होते, गावोगाव नाटकं चालू होती. अशा दिवसांत तलावाच्या पाळीवर पांढरं कापड उभं राहिलं आणि त्यामागे गॅसबत्ती पेटली, तर आमच्या झाडीपट्टीतला नाटकवेडा माणूस दुसरं काय समजणार? आमच्या सावल्या त्या कापडावर हत्तीएवढ्या पडल्या होत्या.

नवऱ्याने हात जोडून सांगितलं की हे नाटक नाही, आम्ही नवराबायको आहोत.

“मंग काय झालं,” पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली. “पयला अंक चांगला झाला. बाईले नौकरी लागली, भाऊ बोलत नाई. आता पुढचं चालू द्या.”

“सासूचा पार्ट कोन करते?” मागून कुणीतरी विचारलं.

सासू मूलला आहे, असं माझ्या तोंडून निघून गेलं. लोकांना ते पटलं नाही. सासूशिवाय नाटक फिकं पडतं असं दोघातिघांचं मत पडलं. मग मी जावं की जाऊ नये यावर बंडीवाल्यांची आणि घोंगडीवाल्यांची जुंपली. मला काय वाटतं हे घरात कुणी विचारलं नव्हतं आणि इथे ओळख ना पाळख अशी माणसं माझ्यासाठी हमरीतुमरीवर आली होती. दरवर्षी गावच्या नाटकात काम करणारा एक माणूस उठून नवऱ्याजवळ आला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, “भाऊ, तुमी तोंडातल्या तोंडात बोलता. मागच्याले काईच आयकू येत नाई. पाहू म्हनजे काय? हो का नाई, ते सांगा.”

नवरा आत आला. मला वाटलं, आता हा बत्ती विझवणार आणि आम्ही रातोरात गाशा गुंडाळणार. तो बत्तीजवळ बसला आणि पंप मारायला लागला. उजेड आणखी वाढला. मग तो उभा राहिला आणि त्याची सावली पार वरच्या बांबूपर्यंत गेली. इंजिनाच्या धडधडीत ओरडायची सवय असलेला तो आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

“तू जाय नौकरीवर. मायले मी सांगतो.”

बाहेर टाळ्या पडल्या. बत्तीच्या उजेडात त्याचा चेहरा घामाने चिंब झाला होता आणि आता त्यावर सगळं दिसत होतं, भीतीसुद्धा. मला हसू आवरेना आणि रडूही थांबेना. बाहेरून “वन्स मोअर” आला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्याने वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी हातवारे करून. जाताना म्हातारीने पदरात बांधून आणलेले नव्या धानाचे पोहे माझ्या ओटीत टाकले आणि बजावलं, “सासूले घेऊन या पुढच्या वेळेस.”

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो. सासूबाई चुलीपुढे, सासरे बाजेवर, दीर दारात. वर मरतुकडा पिवळा बल्ब. नवऱ्याने तंबूचं गाठोडं ठेवलं आणि घसा खाकरला. सासूबाईंनी विचारलं, “काय म्हनतं?” तो खाली पाहायला लागला. मला कळलं की आता ‘पाहू’ येणार. माझी नोकरी त्या एका शब्दाने जाणार होती.

मी पाण्याच्या माठाआडून हळूच म्हटलं, “वन्स मोअर.”

त्याने मान वर केली आणि ते वाक्य म्हटलं. शेवटच्या बंडीवाल्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. दीर दारातून बाहेर पडला.

“वरडून काऊन राह्यला?” सासूबाई म्हणाल्या. “मी काई बहिरी नाई.” चुलीत फुंकर घालून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, “तिथी लाईट हाये का?”

मी म्हटलं, नाही.

त्या उठल्या, खुंटीवरचा कंदील काढला आणि मुठीत राख घेऊन त्याची काळी काच घासायला बसल्या. काच स्वच्छ झाली तरी घासतच होत्या. “हा घेऊन जाय,” त्या म्हणाल्या. “त्या बत्तीखाली नोको बसू. बिछायतवाला मंडईत आयकून आला, सकाळीच सारं सांगून गेला. सून रडते, आन् गाव पाह्यते.”

मग त्यांनी तो कंदील माझ्या पेटीवर ठेवला.