म्हशीसाठी नेसलेली साडी

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. देऊळघाटच्या दूध केंद्रावरून सकाळची दुधाची गाडी निघाली होती. तेवढ्यात मागून मोटारसायकलवर एक मिशाळ माणूस "थांब बे, थांब!" ओरडत आला. कडेला दुधाची कॅन, आणि शर्ट-पँटवरून गुंडाळलेल्या हिरव्या साडीचा पदर वाऱ्यावर! ड्रायव्हरला हसू आवरेना. त्याने गाडी बंदच केली. घरचं दूध घ्यायला आलेल्या माझ्या हातातली किटली हसता हसता हिंदकळून निम्मं दूध पायावर सांडलं.

"हासता काऊन?" कॅन उतरवत तो म्हणाला. "बायको माहेरी गेली. म्हैस तिची साडी पाह्यल्याशिवाय पान्हाच सोडत नाही, मले तं लाथ मारते. गाडी चुकली असती तं दूध नासलं असतं, म्हून तसाच आलो."

मग त्याने पदरानेच घाम पुसला. आम्हांला पुन्हा हसू फुटलं, त्यालाही फुटलं. "गोठा माह्या नावावर," तो म्हणाला, "पण म्हैस मले वळखतच नाही!"

इतक्यात बायकोचा फोन आला.

"हाव, दिलं तिनं दूध. हाव, सरकीची ढेप खाल्ली. पाणीबी पेली."

पदर सावरत तो हळूच म्हणाला, "अवं, मीबी जेवलो. इचारशील तं खरं!"